कॅशे क्लिअर मारा!

आमच्या आदिलाबादेत कुठल्याही ऑनलाइन सेंटरच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहिलं की एक वाक्य कानावर पडतंच. “काका, कॅशे क्लिअर मारा.” गिऱ्हाईक मराठी असलं तर मराठीत, तेलुगू असलं तर तेलुगूत, आणि नक्की कोण ते ओळखू आलं नाही तर आम्हा सगळ्यांच्या सामाईक दखनीत: “अन्ना, कॅशे क्लिअर मारो.” उत्पन्नाचा दाखला उघडत नाही, मारा. निकालाच्या पानावर अजून ‘निकाल लवकरच’ दिसतंय, मारा. कापसाचा भाव मागच्या हंगामातला दिसतोय, मारा. एकदा प्रिंटरमध्ये कागद अडकला होता, तेव्हाही एका पोराने सवयीने हाच सल्ला देऊन टाकला.

माझा भाचा अशाच एका सेंटरवर बसतो आणि फावल्या वेळात दुकानदारांना वेबसाइट करून देतो. त्याच्या मागे एक प्लॅस्टिकची खुर्ची असते. निवृत्तीनंतरच्या माझ्या बऱ्याच दुपारी त्या खुर्चीत गेल्या आहेत. तिथं बसून माझं एक मत बनलंय, ते आधीच सांगून मोकळा होतो. सगळ्यात जास्त राबून सगळ्यात जास्त शिव्या खाणारा या जिल्ह्यात कोणी असेल, तर तो ब्राउजरचा कॅशे. पटवाऱ्यांची क्षमा मागून हे म्हणतोय.

हा बिचारा करतो तरी काय? तुम्ही एखादी वेबसाइट पहिल्यांदा उघडता तेव्हा तिचा लोगो, चित्रं, फाँट, रंगरूप ठरवणारी फाइल, बटणं हलवणारी फाइल असं सगळं सामान फोनवर येतं. कॅशे त्यातलं टिकाऊ सामान ठेवून घेतो. दुसऱ्यांदा तीच साइट उघडली की ते फोनच्याच पोटातून काढून देतो. जे आणायला जावंच लागत नाही त्याची वाट पाहावी लागत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र.

“पण मामा, हैदराबाद तर इथून तीनशे किलोमीटर,” भाचा म्हणाला, “आणि काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला दोन लाख किलोमीटर पळतो. जाऊन-येऊन सेकंदाचा हजारावा भाग, असे तीन. मग पान उघडायला चहा संपेपर्यंत वेळ काऊन लागते?”

प्रश्न त्याचाच, उत्तरही त्याचंच. एक तर सर्व्हर हैदराबादेत असेल याची खात्री नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असला तर जाऊन-येऊन पंचवीस हजार किलोमीटरच्या वर होतात, म्हणजे एका खेपेला नुसत्या उजेडालाच सव्वाशे मिलिसेकंद हवेत. आणि खेप एक नसते. आधी साइटचा पत्ता विचारायचा, मग जोडणी करायची, मग कुलूप-किल्लीची बोलणी, मग पान मागायचं. पान आल्यावर ते म्हणतं, आता ही चित्रं आण. रंगरूपाची फाइल म्हणते, आता हा फाँट आण. त्यातून शेवटचा टप्पा आमचा. राष्ट्रीय महामार्ग 44 वर असेपर्यंत ठीक. उटनूर-नारनूरच्या डोंगरांत शिरलं की फोनवरच्या काड्या उभ्या राहतात, बसतात, पुन्हा उभ्या राहतात. तेलंगणाने मिशन भगीरथच्या पाण्याच्या पाइपांसाठी खोदलेल्या चरांतूनच टी-फायबरच्या नळ्या टाकायचं ठरवलं, हे मला फार आवडलं होतं. पाणी आणि इंटरनेट एकाच चरातून! पण चर कितीही चांगला असला तरी न मारलेली खेप ही सगळ्यात वेगवान खेप, आणि ती वाचवणारा कॅशे.

ठेवून घ्यायचं ते किती दिवस, हा खरा पेच. तो ठरवण्याचा अधिकार कॅशेला जवळपास नाहीच. प्रत्येक फाइलसोबत सर्व्हर एक ओळ पाठवतो, ती आपल्याला कधी दिसत नाही. ब्राउजर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीच्या 1.0 आवृत्तीचा दस्तऐवज 1996 च्या मे महिन्यात निघाला, त्यात ‘एक्स्पायर्स’ नावाने मुदतीची तारीख लिहायची सोय होती. तारखेत एक खोट आहे, समोरच्याचं घड्याळ बरोबर हवं. म्हणून 1997 च्या जानेवारीत 1.1 आवृत्तीने ‘कॅशे-कंट्रोल’ आणलं आणि मुदत सेकंदांत मोजायला लावली. तेव्हापासून ‘वर्षभर ठेव’ असं कोणी लिहीत नाही. ‘मॅक्स-एज 3,15,36,000’ असं लिहितात. इंजिनिअर लोकांना वर्षाला वर्ष म्हणायला संकोच होतो.

मुदत संपली म्हणजे माल फेकून दिला, असंही नाही. इथं मला आमची किनवटची आत्या आठवते. (किनवट 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा सीमेपलीकडे, आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला गेले. आत्या मात्र अजून ‘आपला जिल्हा’ असंच म्हणते.) आत्याकडे आमच्या घराची इत्थंभूत माहिती साठवलेली असते. ती दर रविवारी फोन करते. “काही विशेष?” “नाही आत्या, तेच.” “बरं,” म्हणते आणि ठेवते. तिची माहिती पुढचे आठ दिवस ताजी. विशेष काही असलं तर मात्र सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. ब्राउजर आणि सर्व्हर यांचं हुबेहूब असंच बोलणं चालतं. ब्राउजर विचारतो, माझ्याकडे अमुक खुणेची फाइल आहे, बदललीय का? सर्व्हर एक आकडा कळवतो, 304. म्हणजे ‘तेच’. फाइल परत येत नाही, फक्त एवढा निरोप येतो. मध्यंतरी आत्याचा फोन बिघडला आणि बरेच रविवार चुकले. नंतर भेटल्यावर तिने भाच्याला विचारलं, “बारावीचा निकाल लागला का रे?” तो तेव्हा स्वतःच्या पोरीच्या शाळाप्रवेशाच्या रांगेतून आला होता.

हे ‘तेच’ डोळ्यांनी बघता येतं. भाच्याने एफ-12 दाबून मला दाखवलं. ब्राउजरच्या खाली एक खिडकी उघडते, त्यात ‘नेटवर्क’ नावाचा भाग. साइट उघडली की एकेक फाइल खाली उतरताना दिसते. नाव, वजन, लागलेला वेळ, पुढे आडवी रंगीत पट्टी. पहिल्या वेळी पट्ट्या लांबलचक आणि एकीची वाट बघत दुसरी थांबलेली. तीच साइट पुन्हा उघडली तर बहुतेक ओळींच्या वजनाच्या रकान्यात आकडा नाहीच, ‘डिस्क कॅशे’ एवढंच लिहिलेलं, आणि पट्ट्या आखूड होऊन ठिपक्याएवढ्या. मधेच एखाद्या ओळीत 304. कपड्याच्या दुकानाची साधी साइट होती ती, पण मी बराच वेळ बघत बसलो. पडद्यामागे कोणीतरी इतकं मुकाट्याने कष्ट वाचवत असतं, याची आपल्याला कल्पनाच नसते.

मग जुना भाव दिसतो तो कुणामुळे?

बेल्याकडचा एक शेतकरी 2025 च्या ऑक्टोबरात सेंटरवर आला. एका भाव सांगणाऱ्या साइटवर त्याला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521 दिसत होता. तो 2024-25 चा. 2025-26 चा होता 8,110. म्हणजे क्विंटलमागे 589 रुपयांची शिळी आठवण त्याच्या खिशात होती. त्याला आठ ते बारा टक्के ओलाव्याचा नियम तोंडपाठ, ‘कपास किसान’ ॲपवर स्लॉट कसा घ्यायचा तेही ठाऊक. पण हा आकडा त्याला खाली ओढत होता. “दरवर्षी वाढते म्हणतात, अन् हे तं तितकंच दाखवून राहिलं,” तो म्हणाला. शेजारच्या खुर्चीवरच्या पोराने क्षणात निदान केलं. कॅशे क्लिअर मारा. मारला. तोही असा, की दिसेल त्या प्रत्येक चौकोनावर खूण करून. कॅशेबरोबर कुकीही गेल्या, त्याबरोबर सगळीकडची लॉगिनं गेली. भाव नवा दिसला, पण ज्या कामासाठी तो आला होता ते पान आता पासवर्ड मागू लागलं. पासवर्ड शेतकऱ्याच्या मुलाने टाकलेला, मुलगा शेतात. ओटीपी ज्या सिमवर येणार ते सिम मुलाच्या फोनात, आणि शेतात काड्या बसलेल्या.

भाच्याने नंतर त्या साइटचं पोट उघडून पाहिलं. मुदतीची ओळच नव्हती. कोणी लिहिलीच नव्हती. अशा वेळी ब्राउजर स्वतः अंदाज करतो, आणि तो अंदाज बांधायची रीत मोठी सज्जन आहे: फाइल जितके दिवस बदललेली नाही त्याचा साधारण दहावा भाग ती ताजी मानायची. काल बदललेलं पान पुन्हा लवकर बदलेल; शंभर दिवस न बदललेलं पान आणखी दहा दिवस तरी बदलणार नाही. माणसांच्या बाबतीतही हा हिशोब बहुधा बरोबर येतो. पण कापसाचा हंगाम उन्हाळ्यात संपतो आणि पुढची आवक दसरा-दिवाळीला. मधले महिने भावाच्या पानाला कोणी हात लावत नाही. म्हणजे नेमकं हंगाम उघडायच्या तोंडावर ब्राउजरला ते पान सगळ्यात भरवशाचं वाटायला लागतं. आदल्या आठवड्यात कोणी ते सहज उघडून पाहिलं असेल, तर यार्डात गाड्यांच्या रांगा लागल्या तरी त्याचा फोन निष्ठेने जुनाच भाव दाखवणार. यात निष्ठावंताचा काय दोष? ज्याने मुदत लिहायची त्याने लिहिली नाही.

आणि लिहिणारे लिहितात तेही कधी उलटसुलट. ‘नो-कॅशे’ अशी एक सूचना असते. कोणालाही वाटेल, ठेवू नको असा तिचा अर्थ. तसा नाही, खुशाल ठेव, पण वापरण्याआधी दर वेळी विचार, असा आहे. अजिबात ठेवू नको म्हणायचं तर ‘नो-स्टोअर’ लिहावं लागतं. हा फरक सेंटरवर फार महत्त्वाचा. दिवसभर एकाच कॉम्प्युटरवर जिल्हाभरच्या लोकांची बँक, आधार, जमिनीची कागदपत्रं उघडतात. त्या पानांवर ‘नो-स्टोअर’ नसेल आणि पुढच्या माणसाने मागे जायचा बाण दाबला, तर आधीच्याची शिल्लक त्याच्यासमोर उभी राहू शकते. भाचा संध्याकाळी शटर ओढताना त्या कॉम्प्युटरचं सगळं साफ करतो. तिथं ‘क्लिअर मारा’ हे शहाणपण आहे. घरच्या फोनवर तेच शहाणपण चालवलं की वेबसाइट पहिल्या दिवसासारखी हळू.

आपल्या लिप्यांना तर कॅशेची गरज इंग्रजीपेक्षा जास्त आहे, हे मला त्या खुर्चीतच कळलं. रोमन लिपीत आदिलाबाद लिहिलं तर आठ अक्षरं, आठ बाइट. देवनागरीत लिहिलं तर काना-वेलांटी धरून आठच खुणा, पण एकेकीला तीन बाइट, म्हणजे चोवीस. तेलुगूत शेवटचा हलन्त धरून सत्तावीस. अर्थात मजकूर दाबून पाठवतात, त्यामुळे एवढा भार प्रत्यक्षात पडत नाही. भार पडतो फाँटचा. जोडाक्षरं, रफार, अर्धी अक्षरं सगळ्यांच्या आकृत्या त्यात भराव्या लागतात. मराठी-तेलुगूचे फाँट फोनमध्ये असतात, तरी साइटवाल्यांना नट्टापट्टा हवा असतो म्हणून ते आपला वेगळा फाँट पाठवतात.

पण आमच्याच जिल्ह्यातल्या एका लिपीची गोष्ट नट्टापट्ट्याची नाही. नारनूर मंडलातल्या गुंजाला गावात गोंडी भाषेची जुनी हस्तलिखितं सापडली. त्यांची लिपी वेगळीच निघाली. प्रा. जयधीर तिरुमल राव आणि हैदराबाद विद्यापीठातल्या अभ्यासकांनी गावातल्या जाणत्या मंडळींच्या मदतीने तिच्यावर काम केलं. गोंडीला आणखी एक लिपी आहे, बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 मध्ये तयार केलेली. मसराम गोंडी 2017 मध्ये युनिकोडात आली, आणि पुढच्याच वर्षी, जून 2018 मध्ये, ‘गुंजाला गोंडी’. नारनूरकडच्या एका खेड्याचं नाव जगभरच्या कॉम्प्युटरांच्या अक्षर-यादीत कायमचं बसलं. आदिलाबादने कापसापलीकडे जगाला काय दिलं असं कोणी विचारलं तर मी हे सांगतो.

युनिकोडात जागा मिळाली, पण उशिरा आल्यामुळे मागच्या बाकावर. तिच्या एकेका अक्षराला चार बाइट लागतात. आणि अनेक फोनांत तिचा फाँट मुळातच नसतो. अक्षरांऐवजी नुसते रिकामे चौकोन दिसतात. गूगलच्या नोटो मालिकेत गुंजाला गोंडीचा फाँट आहे, साइटने तो सोबत पाठवला की चौकोन जाऊन अक्षरं उभी राहतात. समजा, कोणी या लिपीत मुलांसाठी वाचनाची पानं केली. नारनूरच्या डोंगरात, बसत्या-उठत्या काड्यांवर, एखादी पोर ते पान उघडणार. दर वेळी फाँट नव्याने उतरवायचा असेल तर ती दर वेळी आधी चौकोन बघणार, मग जमलंच तर अक्षरं. फाँट काही रोज बदलत नाही. त्याच्यासोबत वर्षभराची मुदत आणि ‘इम्म्यूटेबल’, म्हणजे हा बदलणार नाही, विचारूही नको, एवढी एक ओळ पाठवली की सिग्नल चांगला असताना एकदाच उतरवावा लागतो. पुढे ती पोर डोंगरात कुठंही बसून पान उघडो, फाँट तिच्या हातातच.

पूर्वी याहून सोय होती. एका साइटने आणलेला फाँट दुसरी साइटही वापरू शकायची. आता नाही. कोणत्या फाइली पटकन मिळतात हे मोजून तुम्ही आधी कुठं हिंडून आलात ते ओळखता येतं, हे लक्षात आल्यावर ब्राउजरांनी साइटगणिक कॅशेच्या वाटण्या केल्या. सफारीने आधीच, क्रोमने 2020 च्या ऑक्टोबरात. वाटणी झाली की सामानही दुप्पट लागतं. पण खाजगीपणासाठी तेवढं सोसावं.

नेटस्केप कंपनीत फिल कार्ल्टन नावाचे एक प्रोग्रॅमर होते. कॉम्प्युटरशास्त्रात अवघड गोष्टी दोनच, असं ते म्हणत असल्याचं सांगतात: कॅशेतलं जुनं कधी रद्द करायचं, आणि कशाला काय नाव द्यायचं. कार्ल्टनसाहेबांना आमच्याकडे आणायला हवं होतं. आमच्या जिल्ह्याने दोन्ही एकदम भोगलंय. 2014 ला राज्य नवं झालं, 2016 च्या ऑक्टोबरात जिल्ह्याचे चार झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद. गाड्यांचे नंबर आधी एपी 01, मग टीएस 01, आणि 2024 च्या मार्चपासून टीजी. जुने नंबर बदलायची सक्ती नाही, त्यामुळे आजही कलेक्टर चौकात तीन राज्यांच्या वाटाव्यात अशा तीन गाड्या एका जिल्ह्याच्या निघतात. सरकारने हे बरोबरच केलं. चालत्या गाड्या थांबवून सगळ्यांच्या पाट्या एका दिवशी उतरवल्या असत्या तर रांग पैनगंगेच्या पुलापर्यंत गेली असती. जुन्याला त्याची मुदत पुरी करू द्यायची आणि नवं ते नव्या नावाने काढायचं.

जाणते वेबसाइटवाले नेमकं हेच करतात. फाइलच्या नावातच तिच्या मजकुरावरून काढलेले आकडे-अक्षरं गुंफतात. मजकूर बदलला की नाव बदलतं, नाव बदललं की ब्राउजरला ती नवीच फाइल वाटते आणि तो मुकाट आणतो. जुनी वर्षभर पडून राहीना का, तिला कोणी विचारत नाही. फक्त मुख्य पान तेवढं दर वेळी विचारून घ्यायला लावायचं, कारण कोणत्या नावाची फाइल आणायची ते त्यावरच लिहिलेलं असतं. कार्ल्टनसाहेबांच्या दोन्ही अवघड गोष्टी एकमेकींच्या गळ्यात बांधून टाकल्या की दोन्ही सुटतात. सगळं मिळून सर्व्हरवर चार-पाच ओळींचं काम आहे. भाचा कपड्याच्या दुकानासाठी ते करतो आणि त्याचे वेगळे पैसे लावत नाही, हे मला व्यवहार म्हणून पटत नाही, पण ते असो.

तेव्हा जिल्ह्या-तालुक्यासाठी, बाजारसमित्यांसाठी, शाळांसाठी साइट करणाऱ्या मंडळींना एवढी विनंती आहे. लोगोला आणि फाँटला वर्ष द्या, भावाच्या पानाला ‘नो-कॅशे’ द्या, आधार-बँकेच्या पानाला ‘नो-स्टोअर’ द्या, आणि काहीच न लिहिता सोडू नका. वाचकहो, तुम्हाला पान जुनं वाटलं तर कॉम्प्युटरवर आधी कंट्रोल आणि एफ-5 एकत्र दाबा. तेवढ्याने त्या एका पानाचा साठा ओलांडून नवा माल येतो. मोबाइलवर तेच पान इन्कॉग्निटो टॅबमध्ये उघडून पाहा. तिथं नवं दिसलं तर दोष साठ्याचा, तिथंही जुनंच दिसलं तर दोष साइटवाल्याचा, आणि मग कितीही क्लिअर मारलं तरी उपयोग नाही. आणि मारायचंच झालं, तर कुकीच्या चौकोनावरची खूण आधी काढा.